नमुना सतरा आणि परातीतलं पाणी

३ ऑक्टोबर १९९८, शनिवार

जे झालं ते क्रमाने.

१. मंगळवार, २९ सप्टेंबर, संध्याकाळी साडेपाच. नमुना १७ प्लास्टिकच्या डबीत ठेवला. लिंबाएवढा काळ्या मातीचा खडा, एका बाजूला निळे स्फटिक. वजन ६३.४ ग्रॅम. डबीत ओला कापूस. डबी माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये, इतर सोळा नमुन्यांच्या शेजारी.
२. बुधवार, खंडेनवमी. मी हुपरीला, घरी.
३. त्याच दिवशी आमच्या भूशास्त्र विभागात पूजा. दत्तूमामांनी दरवर्षीप्रमाणे हातोडे, चाळण्या आणि तराजूची वजनं पितळी परातीत धुतली. त्यानंतर माझ्या ट्रेमधले सतरा नमुने.
४. सोळा दगडांना काही झालेलं नाही.
५. सतरावा धुताना पाणी निळं झालं.
६. गुरुवारी दसरा, शुक्रवारी गांधी जयंती. आज साडेदहाला मी कुलूप काढलं. मायक्रोस्कोपला झेंडूची माळ. सोळा दगड ओळीने, प्रत्येकावर हळदीकुंकू. सतराव्या जागी काळ्या चिखलाचा चपटा गोळा. त्यावर दोन बोटं उमटलेली, एक पिवळं, एक लाल. निळं काहीही नाही.

दत्तूमामा अकराला आले. तीस वर्षं या प्रयोगशाळेत शिपाई आहेत. तराजू पुसायला मला त्यांनीच शिकवलं. मी गोळ्याकडे बोट केलं.

"रंग सुटला बघा ताई त्याचा," ते म्हणाले. "म्हटलं कच्चा रंग लावलाय कुणी."

"पाणी का घातलंत?"

"आत वला कापूस व्हता की. म्हटलं ह्यो पाण्यातलाच दगूड हाय."

कापूस मीच ठेवला होता. कोरड्या हवेत निळी, म्हणजे हे निळं खनिज, पांढरी पडते आणि तिचं पीठ होतं. तिला दमट हवा लागते. पाणी नाही. हा फरक त्या डबीकडे बघून कुणाला कळला असता?

परात टेबलाखाली आहे. दसऱ्याची पूजा हलवायची नाही म्हणून त्यांनी पाणीही ओतलं नाही. तळाशी काळा गाळ, वर निळं पाणी, त्यात झेंडूची एक पाकळी. मी परात खिडकीपाशी नेऊन ठेवली. झाकली नाही.

४ ऑक्टो., रविवार

काय गेलं ते एकदा लिहून ठेवते.

मार्चमध्ये पश्चिमेच्या डोंगरावरच्या बॉक्साइटच्या खाणीत गेले होते. बॉक्साइटच्या थराखाली काळ्या मातीचा पट्टा लागला होता. त्याच्या भेगेत, कपारीच्या आडोशाला हे निळे स्फटिक. मोठ्यात मोठा दोन मिलिमीटर. हातोडी न लावता सुरीने काढला. सल्फेट आहे. अॅल्युमिनियम आणि व्हॅनेडियमचं, सोबत पुष्कळ पाणी. क्ष-किरणांच्या फिल्मवरच्या रेषा पुस्तकातल्या कुठल्याही खनिजाशी जुळल्या नाहीत. तीनदा फिल्म काढली. मग पृथक्करण, घनता, प्रकाशीय मोजमापं. सगळं जुळून आलं. जगात हे आधी कुणी नोंदलेलं नाही.

नव्या खनिजांना मान्यता देणारी परदेशातली समिती आहे. तिच्या अर्जाचे सगळे रकाने भरले आहेत. दोन सोडून. 'नमुन्याचे ठिकाण' आणि 'मूळ नमुना कोणत्या संग्रहालयात ठेवला?' ज्यावर काम झालं तो नमुना ठेवावा लागतो. नाही तर खनिज नाही. चाचण्यांना वापरलेली भुकटी संपली. काचपट्टीवर तेलात बुडालेले चार कण आहेत. ते धरत नाहीत.

काल सहा मुद्दे लिहिले. सातवा लिहिला नाही.

७. डबीवर फक्त '१७ नि.' एवढंच लिहिलं होतं.

नि. म्हणजे निळी. हे फक्त मला माहीत. माझे मार्गदर्शक सर जूनमध्ये म्हणाले होते, कुठेही काही लिहू नका, लोक येतात-जातात, बातमी फुटते. मला ते सोयीचं वाटलं. तसंही मी कुणाला काही सांगत नाही. 'पाण्यात विरघळतो' हे दोन शब्द लिहायला काही लागत नव्हतं. दत्तूमामांना अक्षर येतं. प्रत्येक बाटलीवरचं वाचून मगच ते हात लावतात.

आणि बुधवारी सकाळी मी स्वतः हुपरीत काय करत होते? अप्पांचे चांदीकामाचे हातोडे, चिमटे, पैंजणांचे ठसे परातीत घेऊन चिंचेने घासत होते. विभागातही पूजा असते, हे मला तीन वर्षांपासून माहीत आहे. घासताना एकदाही…

५ ऑक्टो., सोमवार

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पूर्ण गेलं?"

"हो."

"दत्तूला बोलवा."

मी बाहेर थांबले. दार बंद होतं. सर आवाज चढवत नाहीत, त्यामुळे काही ऐकू आलं नाही. दत्तूमामा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात टोपी होती. विभागात टोपी काढलेलं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी मेमो टाइप झाला. 'संशोधनाच्या अमूल्य नमुन्याची निष्काळजीपणाने हानी.' मार्चअखेर ते निवृत्त होणार आहेत. चौकशी लागली तर पेन्शन अडकते, असं ऑफिसमधल्या क्लार्कने न विचारता सांगितलं.

सरांना सातवा मुद्दा सांगायला गेले होते. ते फोनवर होते. दहा मिनिटं उभी राहिले आणि परत आले. दहा मिनिटं पुरेशी नव्हती, असं म्हणता येणार नाही.

६ ऑक्टो., मंगळवार

खाण. सकाळची पहिली एस.टी., पुढे कंपनीच्या डंपरमधून. धुकं. मार्चमधली जागा नकाशावर होती, डोळ्यांसमोर नव्हती. भिंतच नाही. सपाट लाल माती, तीवर चाकांचे चर.

मुकादमाला वही दाखवली.

"ते काळ्या चिखलाचं व्हय? ते जूनलाच बुजवलं की पावणं. काळ्यात माल न्हाय, कंपनीला काय करायचाय?"

"ती भेग आणखी कुठे लागली का? निळं काही दिसलं?"

"निळं मागं दिसायचं. उन्हाळ्याचं. आमच्या बायका नीळ म्हणून घिऊन गेल्या, धोतरं बुडवली. सासऱ्याच्या धोतराला ही भोकं." त्याने पंजा पसरून दाखवला. बाजूचे दोघे हसले. "तवापासनं कोण हात लावत न्हाय."

"परत उकरता येईल?"

"वर बावीस फूट भराव हाय. सायबाचा कागूद आणा, उकरतो. पर आत काय असंल? चार म्हैनं पाणी मुरलंय की तिथं."

बरोबर बोलला. या खनिजाबद्दल त्याला आणि मला सारखंच माहीत आहे. तरी ढिगाऱ्यावर तीन तास फिरले. सात ठिकाणची काळी माती पिशवीत घेतली. खोलीवर येऊन भिंगाखाली पाहिली. काही नाही.

८ ऑक्टो., गुरुवार

परातीतलं पाणी आटलं. कडेला निळ्या स्फटिकांची रांग. सुंदर आहेत. खाणीतल्यांपेक्षा मोठे.

शनिवारी परात खिडकीपाशी का ठेवली, ते त्या दिवशी लिहिलं नाही. आजही लिहीत नाही. रोज दोनदा पंखा लावला होता, एवढं खरं.

खरवडून वजन केलं. १.१ ग्रॅम.

९ ऑक्टो., शुक्रवार

फिजिक्सच्या मशीनवर फिल्म काढली. सहा तास. धुऊन वाळवून मार्चच्या फिल्मशेजारी ठेवली. निळीच्या सगळ्या रेषा आहेत. जागा तीच, तीव्रता तीच. शिवाय दोन फिक्या रेषा जास्त. जिप्सम. नळाच्या पाण्यातला चुना.

मायक्रोस्कोपखाली एका स्फटिकाच्या पोटात पिवळा कण. हळद. तो स्फटिक वेगळा काढून छोट्या कुपीत ठेवला. कुपीवर चिठ्ठी लावली. या वेळी पूर्ण लिहिली: पदार्थ, कुठून, केव्हा, कुणी, पाण्यात विरघळतो.

१० ऑक्टो., शनिवार

सरांनी दोन्ही फिल्म खिडकीच्या उजेडात धरल्या. बराच वेळ पाहिल्या.

"हे तेच आहे."

"परातीत तयार झालंय सर."

"रेषा त्याच की नाही?"

"त्याच आहेत."

"मग झालं तर. एक ग्रॅम म्हणजे संग्रहालयाला भरपूर. फॉर्ममध्ये नमुन्याचं ठिकाण लिहा, 'खाण, पूर्वेकडची भिंत'. जिप्समच्या रेषा अशुद्धी म्हणून दाखवा, खाणीतही जिप्सम असतंच. पिवळे कण असतील ते वेचून टाका."

मी म्हटलं, माणसाच्या हातून झालेला पदार्थ खनिज धरत नाहीत. पहिल्याच पानावर नियम आहे.

"मला नियम शिकवू नका. निसर्गात ते होतं की नव्हतं? तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. मीही पाहिलं. आपण खोटं खनिज काढत नाही, खऱ्या खनिजाला जागा मिळवून देतोय." मग आवाज आणखी खाली. "आणि हे बघा. नमुना असेल तर नुकसान झालेलंच नाही. नुकसान नाही तर मेमो कशाचा? दत्तूचा मेमो मी फाडून टाकतो. तुमची डिसेंबरला शिष्यवृत्ती संपते. सगळ्यांचं नीट होतंय. सही तेवढी करा. शुक्रवारपर्यंत. नंतर सुट्ट्या लागतील."

फॉर्म आणला. टेबलाच्या खणात ठेवला. खणाला कुलूप लावलं.

११ ऑक्टो., रविवार

हुपरी. अप्पा दिवाळीच्या ऑर्डरीत बुडालेले. पैंजणाच्या कड्या जोडताना मान वर करत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी बोलणं सोपं जातं. सगळं सांगितलं. सातव्या मुद्द्यासकट. आई-वडिलांपुढे इतकं मी कधी बोलले नव्हते. अव्वा दारात येऊन उभी राहिली आणि तिथेच थांबली.

मला वाटलं होतं अप्पा काय म्हणतील ते मला माहीत आहे. चांदीचा टंच, म्हणजे कस, चोख नसेल तर माल परत वितळवणारा माणूस. त्यापायी दोन पेढ्यांशी व्यवहार तुटला.

"त्यो दत्तू म्हणजे रिटायर व्हायला आलेला?"

"हो."

"पोरं?"

"एक मुलगी. लग्न झालंय."

त्यांनी फुंकणी तोंडाला लावली. कडी लाल झाली, जुळली. पाण्यात टाकली.

"कर सही," म्हणाले.

"अप्पा, ते खोटं आहे."

"चांदीत खोट असली तर बाईच्या पायाला काळं पडतंय. तुझ्या दगडानं कुणाच्या पायाला काय हुतंय? म्युझियममधी बसणार त्यो. त्याचा टंच कोण काढायला येतंय?"

अव्वा म्हणाली, "जेवायला चला."

परतीच्या बसमध्ये उत्तर सुचलं. दगडाचा टंचही कुणीतरी काढतंच. वीस वर्षांनी एखादी मुलगी चांगल्या मशीनवर तो कण ठेवेल आणि तिला हळद सापडेल. पण तोवर दत्तूमामांची वीस वर्षं पेन्शन खाऊन झालेली असतील. अप्पांचा हिशेब चुकीचा नाही. एवढंच की तो माझ्या विषयाचा नाही.

१३ ऑक्टो., मंगळवार

दत्तूमामा सायकलवरून बावड्याला, माझ्या खोलीवर आले. शोधत शोधत, साखर कारखान्याच्या बाजूने. धुराड्यातून या हंगामाचा धूर अजून सुरू झालेला नाही. आत या म्हटलं तर उंबऱ्यावरच बसले. चहा घेतला, बशीत ओतून.

"सायबांनी सांगितलंय. तुमच्या सहीवर हाय म्हणून."

मी उरलेला चहा त्यांच्या बशीत ओतला.

"ताई, म्या अडाणी. पर ते परातीतलं म्या बघितलं की गुरुवारी. निळंच हाय. आधी हुतं तसंच हाय. मग अडतंय कुठं?"

सांगायचा प्रयत्न केला. खाणीत आपोआप होतं ते खनिज, आपण परातीत केलं ते नाही. वस्तू तीच असली तरी.

ते विचार करत होते. खरोखर करत होते. मग म्हणाले, "म्हंजे देवळातला देव आन् दुकानातली मूर्ती."

"साधारण."

"पर दुकानातलीच देवळात जाती की ताई."

त्यांनी बशी धुऊन पालथी ठेवली. जाताना म्हणाले, "मी धुतलं त्यात माझी काय चूक, तेवढं मला सांगा. तीस वर्सं धुतोय. आधी कुणी धू नगो म्हटलं न्हाय."

मी म्हटलं, "तुमची चूक नाही."

"मग सायबाला सांगा की."

दहा दिवस झाले. सांगितलेलं नाही.

१४ ऑक्टो., बुधवार

फॉर्म खणातून काढला. पेन हातात घेतलं. 'नमुन्याचे ठिकाण' या रकान्यात 'खाण' लिहिलं. 'पूर्वेकडची' लिहिलं. थांबले.

खोडता येत नाही. नवीन फॉर्म मागवावा लागेल किंवा हाच पूर्ण करावा लागेल.

दिवसभर इतर काही केलं नाही. सोळा नमुन्यांवरचं कुंकू ब्रशने काढलं. कोरड्या.

१५ ऑक्टो., गुरुवार

दत्तूमामांना मधल्या सुट्टीत तराजूच्या खोलीत गाठलं. सांगितलं: सही करणार नाही. पण डबीवर लिहायचं राहिलं ते माझ्याकडून, हे लेखी देणार आहे. मेमो मागे घ्या म्हणणार आहे. दोष माझ्या नावावर घ्या म्हणणार आहे.

ते वजनं पुसत होते. वीस ग्रॅमचं पुसून मखमलीच्या खाचेत ठेवलं. दहाचं घेतलं.

"त्यानं काय व्हतंय ताई? कागूद वर गेला की खालचाच मानूस मरतोय. तुमास्नी काय, दुसरीकडं नोकरी हाय."

"मी लिहून देते म्हटलं ना."

"लिवा की." पाच ग्रॅमचं. "तवाच लिवलं असतं डबीवर तर बरं झालं असतं."

रागाने बोलले नाहीत. संध्याकाळी माझ्या टेबलाखालचा केर काढला नाही. बाकीच्या सगळ्यांचा काढला.

पत्र लिहिलं. चार वेळा. पहिल्या तिन्हीत समजावून सांगणं फार होतं.

१६ ऑक्टो., शुक्रवार

दुपारी अडीचला सरांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्याने वाचलं. म्हणाले, "तुम्हाला वाटतं हा प्रामाणिकपणा आहे. तुम्ही एका म्हाताऱ्याला बुडवताय." मी पोच मागितली. त्यांनी कोपऱ्यात सही केली, तारीख घातली. एवढंच. दत्तूमामा तेव्हा व्हरांड्यात पंप मारून सायकलीत हवा भरत होते. दिवाळीची सुट्टी उद्यापासून.

पत्राची नक्कल:

आदरणीय सर,

१. नमुना १७ हा ३० सप्टेंबर रोजी पाण्यात विरघळून नष्ट झाला.
२. डबीवर 'पाण्यात विरघळतो' अशी सूचना नव्हती. ती लिहिणं माझं काम होतं. मी लिहिली नाही. हे मी आपल्याला ५ ऑक्टोबर रोजी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.
३. डबीत ओला कापूस मी ठेवला होता. तो पाहून नमुना पाण्याने धुता येतो असं कुणालाही वाटलं असतं.
४. श्री. दत्तू यांनी दरवर्षीचं काम दरवर्षीसारखं केलं. त्यांना दिलेला मेमो मागे घेऊन हानीची नोंद माझ्या नावावर करावी.
५. माझ्याकडे असलेले १.१ ग्रॅम स्फटिक परातीतल्या पाण्यापासून ३ ते ८ ऑक्टोबर या काळात विभागात तयार झाले आहेत. ते खाणीतले नाहीत. ते मूळ नमुना म्हणून पाठवण्याच्या अर्जावर मी सही करणार नाही. अर्जातल्या एका रकान्यात मी दोन शब्द लिहिले आहेत. ते चुकीचे आहेत. अर्ज सोबत परत करत आहे.
६. हळदीचा कण असलेला एक स्फटिक माझ्याकडे वेगळा ठेवलेला आहे.
७. पुढच्या उन्हाळ्यात खाणीत पुन्हा शोध घेण्याची परवानगी मिळावी. निळी तिथे एकदा तयार झाली आहे. पुन्हा होईल असं खात्रीने सांगता येत नाही.

मुद्दा ४ आणि मुद्दा ७ यांवरचं आपलं उत्तर सोमवार, २६ ऑक्टोबर रोजी संध्याकाळी पाचपर्यंत मला लेखी मिळावं, ही विनंती.